चाकांवरचे घर आणि मुक्काम



दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते, कोपरला आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक लांबट, उंच, पांढरी मोटार येऊन उभी राहिली. प्रथम वाटले, कुणाकडे लग्नाचे वऱ्हाड आले. पण गाडीतून उतरले ते आमचेच शेजारी. छत्तीस वर्षे सकाळची लोकल धरून नोकरी केलेला हा गृहस्थ निवृत्तीच्या पैशांतून एक वापरलेली घर-मोटार विकत घेऊन आला होता. आत दोन माणसांच्या निजण्याची सोय, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, एवढीशी मोरी आणि तिच्याहून लहान शौचकूप. चाळीतली एक खोली उचलून टेम्पोच्या सांगाड्यावर बसवावी तसा तो प्रकार होता. तासाभरात सारी आळी गाडी पाहून गेली. बायकांनी ओट्यावर हात फिरवून पाहिला, मुलांनी बिछान्यावर उड्या मारून पाहिल्या. सोसायटीचे चिटणीस मात्र खाली उभे राहून गाडीची लांबी पावलांनी मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काका, ही ठेवणार कुठे?"

आज मी आपल्यापुढे जे मांडणार आहे तो या प्रश्नाचाच इतिहास आहे. चाकांवरच्या घराविषयी बोलू लागले की माणूस चाकांविषयी बोलतो. यंत्र कोणते, वेग किती, तेल किती खाते याची चौकशी करतो. परंतु मागे वळून पाहिले तर असे दिसते की चालते घर चालवणे हा भाग कधीच फारसा अवघड नव्हता. अवघड होते ते थांबवणे. ज्याला थांबायला जागा होती त्याचा प्रवास झाला; ज्याला ती नव्हती त्याची वणवण झाली.

आपल्या मुलखात घर बरोबर घेऊन फिरणारे लोक पूर्वी दोनच प्रकारचे होते, एक राज्यकर्ते आणि दुसरे बेघर. राज्यकर्त्यांचे फार सांगत नाही. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला तो १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरेपर्यंत उत्तरेत परतला नाही. पंचवीस वर्षे हिंदुस्थानची राजधानी तंबूंतून नांदली. भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला त्याची छावणी १६९५ पासून चार वर्षे पडून होती. बादशहाला "ही छावणी ठेवणार कुठे" असे विचारणारा चिटणीस अर्थातच कुणी नव्हता. गवताची आणि पाण्याची किंमत भोवतालच्या गावांनी मोजली. पुढे इंग्रज कलेक्टर हिवाळ्यात जिल्ह्यात फिरत तेही डेरे घेऊनच फिरत, आणि त्यांच्या मुक्कामाची तजवीज पाटील-कुळकर्ण्यांच्या गळ्यात पडे.

या वर्गातला एक मासला मात्र आजच्या विषयाला इतका जवळचा आहे की तो सोडवत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात पुणे सोडल्यापासून १८१८ च्या जूनपर्यंत दुसरा बाजीराव सहासात महिने सारखा मुक्काम हलवीत होता. अखेर त्याने जॉन माल्कमपुढे शस्त्रे ठेवली आणि सालिना आठ लाखांचे पेन्शन घेऊन तो गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. मराठी माणसांतला हा एक बडा पेन्शनर! १८५१ मध्ये मरेपर्यंत त्याने पुन्हा मुक्काम हलवला नाही. सहासात महिन्यांची धावपळ त्याला तेहेतीस वर्षे पुरली असावी. मौज अशी की ज्या माल्कमने हे पेन्शन ठरवले तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. कोकणातून देशावर चाके वर चढण्याचा मार्ग असा मोकळा झाला. एका पेन्शनरला बसवणाऱ्या माणसाने पुढच्या पेन्शनरांसाठी वाट करून ठेवली, असे विनोदाने म्हणता येईल.

दुसऱ्या वर्गाचा इतिहास विनोदाने सांगता येत नाही. घिसाडी आपला भाता, ऐरण आणि मुलेबाळे घेऊन गावोगाव फिरत. गावाबाहेर झाडाखाली बिऱ्हाड टाकून विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून देत. लमाण बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ वाहत. मोठमोठ्या फौजा त्यांच्या तांड्यांवर जगल्या. घाटरस्ते झाले, मग आगगाडी आली आणि लमाणांच्या बैलांचे काम गेले. काम गेले तरी फिरणे सुटले नाही. आणि कामावाचून फिरणारा मनुष्य सरकारला चोर वाटू लागला. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली, आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही तिच्या आटोक्यात आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. तो भाग अजून 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. कायदा रद्द झाला तो १९५२ मध्ये. राजस्थानातल्या गाडिया लोहारांना तर चितोडगडावर परत नेऊन त्यांची घरी न राहण्याची पिढीजात शपथ सोडवण्यासाठी १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरू स्वतः गेले होते. म्हणजे चाकांवरून उतरवून घरात नेणे हेच तेव्हा राष्ट्राचे कर्तव्य वाटत होते, आणि त्यात चूक होती असेही म्हणवत नाही. आजही बीडकडचे ऊसतोडणी कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडीवर संसार लादून कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळा येईतो पाचटाच्या कोपीत राहतात. आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीला आपण हौस म्हणतो. त्या गाडीला हौस म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही.

मग मधल्या माणसाचे काय? नाकासमोर चालणारा, घरदार असलेला, म्हातारपणी जग पाहावे असे वाटणारा गृहस्थ काय करी? तो यात्रेला जाई. वानप्रस्थाश्रमाची शास्त्रातली कल्पना काही असो, व्यवहारात आपल्या पूर्वजांची निवृत्ती म्हणजे काशीयात्रा होती. त्या यात्रेचे स्वरूप समजायचे तर पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' पाहावे. गोडसे भटजी म्हातारे नव्हते आणि हौसेने निघालेही नव्हते. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळवायला ते १८५७ मध्ये चुलत्यासह उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले, तरी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणून त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. हे लिखाण १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापून आणले. त्यातील लढाया पुष्कळांनी वाचल्या आहेत. आपण एकदा त्यातील मुक्काम तेवढे वाचावेत. कुठे धर्मशाळा, कुठे देऊळ, कुठे ओळखीच्या भटजीची ओसरी, कुठे नदीकाठचे झाड. माणसापाशी गाडी असो वा नसो, रात्री पाठ टेकण्याची जागा समाजाने आधीच करून ठेवलेली होती. अहिल्याबाई होळकरांचे नाव सोमनाथापासून काशीपर्यंत लोकांच्या तोंडी राहिले ते लढायांमुळे नव्हे. विहिरी, घाट, धर्मशाळा आणि देवळे यांच्यामुळे राहिले. त्यांनी बांधले ते मुक्कामच.

नंतर आगगाडी आली. १८५३ च्या एप्रिलात ती ठाण्यापर्यंत धावली, पुढच्या वर्षी मे महिन्यात आमच्या कोपरच्या खाजणावरून कल्याणला गेली, १८६३ मध्ये बोरघाट चढली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे अलाहाबाद-कलकत्त्याच्या लोहमार्गाला मिळाली. कित्येक महिन्यांची काशी दोन-तीन दिवसांवर आली. लाभ उघड आहे; पण त्या दिवसांत वाटेवरचे शंभर मुक्काम पुसले गेले. विहिरी बुजल्या, धर्मशाळांत कचेऱ्या आणि शाळा भरू लागल्या, पार उरले ते पत्ते कुटण्यासाठी. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांना रस्ता मिळाला, मुक्काम मिळाला नाही.

विलायतेत हीच गोष्ट उलट बाजूने घडली. गॉर्डन स्टेबल्स नावाचा इंग्रजी आरमारातला निवृत्त डॉक्टर होता. त्याने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून दोन घोड्यांचे, सुमारे दोन टन वजनाचे घर बांधून घेतले आणि ते घेऊन थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेला. निव्वळ हौसेखातर बांधलेले चाकांवरचे घर म्हणून तिकडे याच गाडीला पहिला मान देतात. लक्षात घ्या, हाही पेन्शनरच! तीन चाकांच्या सायकलीवरून त्याचा नोकर पुढे जाऊन अरुंद रस्त्यावर समोरून कुणी येत नाही ना ते पाही. संध्याकाळ झाली की खाणावळीमागचे कुरण किंवा शेतकऱ्याचे आवार शोधण्याचे काम सुरू होई. १९०७ मध्ये त्या मंडळींनी आपला क्लबच काढला, आणि पुढच्या काळात अशा कुरणांची रीतसर जाळी उभी राहिली. गाडी आधी आली, मुक्काम मागून आले. पण ते आले.

आपल्याकडे मुक्काम कुणीच सांभाळले नाहीत असे मात्र नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पाहा. हैबतबाबा आरफळकरांनी सुमारे १८३२ पासून तिला शिस्त लावून दिली. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही नावे वारकऱ्याला पाढ्यासारखी पाठ असतात. आज प्रत्येक मोठ्या दिंडीमागून ट्रक चालतो. त्यात राहुट्या, सतरंज्या, भांडी, शिधा, गॅस असे सारे असते. सोबत पाण्याचा टँकर असतो. पायी चालणाऱ्यांत निवृत्त माणसे किती असतात ते एकदा मोजून पाहावे. चाकांवरचा संसार मराठी समाजाने अशा रीतीने केव्हाच पत्करला आहे. तो चालतो याचे कारण ट्रक नव्हे. वाल्ह्याचे शेत, लोणंदचे मैदान आणि तिथल्या माणसांनी तुमची वाट पाहणे, हे ते कारण आहे.

दुसरे उदाहरण एसटीचे. पुणे-नगर रस्त्यावर १ जून १९४८ रोजी पहिली गाडी धावली. पुढे ती खेड्यापाड्यांत गेली आणि 'मुक्कामी गाडी' हा शब्द मराठीत रूढ झाला. रात्री शेवटच्या गावाला जाऊन थांबायचे आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. चालक आणि वाहक पुष्कळदा गाडीतच बाकांवर आडवे होत. कुणाच्या घरून भाकरी येई, कुणी हंडाभर पाणी आणून ठेवी. सरकारी मोटार रोज रात्री एक घर होत होती आणि गाव तिचे अंगण होत होते. या गोष्टीची नोंद कुठल्या अहवालात सापडणार नाही, पण ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना ती ठाऊक आहे.

आणि तिसरे, गाडगे महाराज. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे या पुरुषाने दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या डोक्यावर छप्पर घेतले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, मोटारीतच त्यांचा अंत झाला. मुक्काम बांधणारा मनुष्य वाटेवर गेला. बाबा आमटे यांचेही येथे स्मरण होते. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली तेव्हा ते एकाहत्तरीत पोचले होते. पाठीच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा पडून राहता येईल अशा गाडीत! चाकांवरच्या वार्धक्याचे याहून मोठे मराठी उदाहरण मला माहीत नाही. अर्थात तिला निवृत्ती म्हणणे म्हणजे त्या शब्दाची थट्टाच.

आता पुन्हा कोपरच्या गाडीकडे येऊ.

आमच्या शेजाऱ्यांनी गाडी घेतली ती दुसऱ्या हाताची. नव्या घर-मोटारीची किंमत पेन्शनराच्या आवाक्यातली नाही, म्हणून जुनी घ्यावी हा विचार बरोबर होता. पण जुने घर घेताना आपण भिंतीची ओल पाहतो आणि जुनी मोटार घेताना यंत्र पाहतो. येथे दोन्ही पाहावी लागतात. यंत्र ठणठणीत होते. छताच्या सांध्यातून मात्र पाणी झिरपत होते, आणि आतली प्लायवुडची भिंत बिछान्यामागे भुसा होऊन गेली होती. टायरांची नक्षी शाबूत होती, पण रबर वयाने चिरले होते. गाडी फारशी न धावता उभी राहिली की टायर धावल्यासारखेच म्हातारे होतात. बॅटऱ्या दोन. एक यंत्र सुरू करण्याची आणि दुसरी घरातले दिवे-पंखे चालवण्याची. पूर्वीच्या मालकाने त्या एकमेकींना अशा जोडल्या होत्या की रात्री पंखा लावला की सकाळी गाडी सुरू होत नसे.

सर्वांत मोठा घोटाळा कागदांत निघाला. मोटारीच्या नोंदणीपुस्तकात बारा बैठकी लिहिलेल्या आणि आत बैठक एकही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मंजुरीवाचून करता येत नाही. पूर्वीच्या मालकाने सुताराला बोलावून बाके काढली, पलंग ठोकला आणि गप्प बसला. असा बदल उघडकीस आला तर विम्याचा दावा अडतो, आणि तो उघडकीस येतो अपघातानंतरच. वास्तविक खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत धरावी असे केंद्र सरकारने २००४ च्या अधिसूचनेत नमूद केले आहे. रीतसर नोंद करून घेणे अशक्य नव्हते. शेजाऱ्यांना त्यासाठी सहा महिने खेटे घालावे लागले. म्हणून ज्यांच्या मनात असे काही असेल त्यांना माझे एवढेच सांगणे की फॉर्म २९ आणि ३० वर सही करण्याआधी नोंदणीपुस्तक हातात घेऊन गाडीत शिरा आणि त्यातली प्रत्येक ओळ डोळ्यांनी ताडून पाहा. पंधरा वर्षे केव्हा भरतात तेही पाहा. पुढचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे असते आणि त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते. चालकाचेही तसेच आहे. पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी नवा होतो. म्हातारी गाडी आणि म्हातारा सारथी, दोघांनाही ठरल्या मुदतीने दाखला आणावा लागतो!

बैलगाडीच्या काळी हे सगळे वेगळ्या रूपात होतेच. आसाला वंगण, चाकाला धाव, बैलांना पत्र्या. पावसाळ्यात चाके काढून पडवीत ठेवणे. कोकणातल्या माणसाने पावसात गाडी बाहेर काढली नाही, आणि आमच्या शेजाऱ्यांनाही पहिल्याच आषाढात तो धडा मिळाला. चार महिने गाडी उभी राहिली. उंदरांनी तारा कुरतडल्या, गादीला बुरशी आली. आता ते ज्येष्ठाच्या अखेरीस गादी घरात आणतात, बॅटरीची तार सोडतात, आणि पंधरा दिवसांनी एकदा यंत्र फिरवतात.

एवढे करूनही चिटणिसांचा प्रश्न जागच्या जागीच राहतो. आमचे गाव वाटांचेच गाव आहे. खाली मध्य रेल्वे, तिच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग, पलीकडे उल्हासची खाडी. असे असून डोंबिवलीची पूर्व-पश्चिम जोडणारा कोपरचा पूल २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाला तो २०२१ च्या सप्टेंबरात नवा होऊन उघडला, आणि तोवर दोन वर्षे हाकेच्या अंतरावर जायला वळसा पडत होता. अशा ठिकाणी सहा मीटर लांबीची गाडी ठेवायची कुठे? सोसायटीत ती मावेना. रस्त्यावर ठेवावी तर रोज तक्रार. शेवटी मुरबाडकडे एका नातलगाच्या शेतात आंब्याखाली तिची सोय झाली. म्हणजे घरापासून चाकांवरच्या घरापर्यंत जायला आधी लोकल, मग एसटी.

आणि बाहेर पडल्यावर? पाण्याची टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलोंची. दोन माणसांनी काटकसर केली तरी ती दोन दिवस पुरते. भरायची कुठे? वापरलेले पाणी आणि मैल्याची पेटी रिकामी करायची कुठे? पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली; त्या गाड्याही धावण्याऐवजी नळ आणि गटार जवळ असेल तिथे उभ्या कराव्या लागल्या. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाड्यांबरोबर त्यांच्या तळांचाही, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्कांचाही, विचार आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते. कागदावर का होईना, सरकारला मुक्काम आठवला. पण आमच्या शेजाऱ्यांना जिथे जायचे असते तिथे असा तळ क्वचितच असतो. ते पेट्रोलपंपावर विचारतात, देवळाच्या पुजाऱ्याला विचारतात, शाळा सुटल्यावर मास्तरांना विचारतात. काही ठिकाणी आदर झाला. काही ठिकाणी रात्री दहाला काचेवर टकटक करून "कोण तुम्ही, कुठले, इथे का थांबलात" अशी चौकशी झाली. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा काकू फार घाबरल्या आणि काका फार रागावले. मला मात्र तेव्हा घिसाड्यांची आठवण झाली. गावाबाहेर चाकांवर झोपणाऱ्या माणसाला हा प्रश्न दीडशे वर्षे विचारला जात आहे. फरक इतकाच की काकांपाशी दाखवायला पेन्शनचे ओळखपत्र होते.

गेल्या कार्तिकात मी त्यांच्याबरोबर चार दिवस गेलो होतो. गाडीच्या खणात एक साधी चाळीस पानी वही पाहिली. मला वाटले, तेलाचा आणि दुरुस्तीचा हिशेब असेल. तसला हिशेब ते ठेवीत नाहीत. "ठेवला तर ही म्हणेल, विकून टाका," असे म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली. आत फक्त जागा होत्या. गावाचे नाव, विहीर कुणाची, नळाला पाणी किती वाजता, सावली सकाळची की दुपारची, सोनखत घ्यायला तयार असलेला बागायतदार कोणता, आणि त्यापुढे एका अक्षराचा शेरा. 'या' म्हणजे पुन्हा या म्हणाले. 'न' म्हणजे नको म्हणाले. दोन वर्षांत एकोणीस 'या' आणि सात 'न' जमले होते. वाल्ह्याच्या पुढे एका शेतकऱ्याच्या नावासमोर मात्र 'या' दोनदा लिहिला होता. मी कारण विचारले. पालखीच्या दिंडीला त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जागा दिलेली होती. गाडी दारात उभी राहताच त्याने चौकशी काही केली नाही; गोठ्यातला दिवा लावला आणि विचारले, "माणसं किती, दोनच?"